अजून नाही

शाळेतल्या पोरींनी समुपदेशक बाईंचं नाव ठेवलं होतं ‘कानवाल्या बाई’. सगळं ऐकून घेतात म्हणून. बाईंनाही त्याचा जरा तोराच होता. आणि आज त्याच बाई संडासाच्या बंद दाराला कान लावून पाऊण तास उभ्या होत्या, नि आतून हूं नाही की चूं नाही.

आत होती सहावीतली एक पोर. सकाळी डॉक्टरीणबाई तपासणीला आल्या, सहावीचा नंबर लागला, आणि ही जी पळाली ती कडी लावूनच बसली.

‘‘अहो, किती चुचकारणार?’’ मुख्याध्यापिकेचा पारा चढला होता. ‘‘सुताराला बोलावलंय, येईलच. तिचे वडीलही निघालेत. आत काही बरंवाईट करून घेतलं तर उत्तर कोण देणार, तुम्ही?’’

दार तोडलं तर पोर बाहेर येईल, पण पुन्हा कुणापुढे तोंड उघडायची नाही, एवढं बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तिथेच फरशीवर बसकण मारली.

‘‘बाळा, अडचण आलीये का? लाजू नकोस, पॅड आणलंय मी.’’

‘‘नाही. अजून नाही.’’

हेच, हेच उत्तर! सहा आठवडे दर शुक्रवारी तिला बोलावून बाई विचारायच्या, ‘‘काही अडचण?’’ ती म्हणायची, ‘‘अजून नाही.’’ आणि बाई वहीत लिहायच्या, अडचण नाही. वर्गात पाळीला ‘अडचण’ म्हणायला त्यांनीच शिकवलं होतं, मुख्याध्यापिकेला दुसरा शब्द खपत नाही म्हणून. मग पोरीला अडचण म्हणजे तेवढंच कळणार, दुसरं काय! बाईंना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

‘‘पाळीचं सोड गं,’’ त्या मोठ्यांदा म्हणाल्या. मुख्याध्यापिका दचकल्या. दचकू देत. ‘‘तुला काय होतंय ते सांग.’’

आतून बारीक आवाज आला. ‘‘छातीत गाठ आहे. एकाच बाजूला. आईलापण एकाच बाजूला होती.’’

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मुख्याध्यापिका पायरीवर बसल्या.

‘‘हात लागला की दुखते?’’

‘‘हो.’’

‘‘अगं, छाती वाढायला लागते ना, तेव्हा अशीच सुरुवात होते. खूपदा आधी एकाच बाजूला. माझंही तसंच झालं होतं.’’

‘‘माझंपण तेच आहे? शपथ?’’

शपथ बाईंच्या अगदी ओठांवर आली होती. ती त्यांनी गिळली. पोरीला खोटी खात्री देऊन दार उघडवायचं नव्हतं त्यांना.

‘‘मी डॉक्टर नाही, बाळा. बहुतेक तसंच असणार. डॉक्टरीणबाई खालीच आहेत, त्यांना दाखवू. मी तुझा हात सोडणार नाही.’’

‘‘बाबांना सांगू नका. ते आत्ता कुठे नीट जेवायला लागलेत.’’

जिन्यात सुताराची पावलं वाजली. मुख्याध्यापिकेने हातानेच त्याला खाली पिटाळलं. मिनिटभराने कडी निघाली.

पडद्याआड डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. ‘‘वाढीचीच आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण आईचं तसं झालंय, तेव्हा वडिलांना मी स्वतः समजावते. महिन्याने पुन्हा बघू.’’

पोर रडली नाही की हसली नाही. बाईंचा हात तिने अजून घट्ट धरला होता.

‘‘बाई, मग माझी सायकल परत मागू?’’ तिने विचारलं. ‘‘मैत्रिणीला कायमची देऊन टाकलीये मी.’’