अर्ध्यावरचा काटा

नोराल्बाने टाकीवरची तार उपसली आणि तिचं उघडं टोक जीपच्या पत्र्याला टेकवलं. डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा सरसर चढत 'भरलेली'वर गेला. तार जागच्या जागी जोडली, तर मेला पुन्हा शून्यावर आडवा.

"काट्याचं घड्याळ चांगलं, टाकीतला तरंगता फ्लोट चांगला, तार सकाळीच नवी घातली," ती करवादली. "मग दुखतंय कुठे हिचं?"

"मी सांगतोय ना, तो काटाच खोटारडा आहे," पडवीतून तिचा बाप एवेलिओ ओरडला. "त्या दिवशी चांगला अर्ध्यावर होता. रिकाम्या टाकीने चढाला लागायला मी काय वेडा आहे?"

हे पालुपद ती तीन आठवडे ऐकत होती. त्या दिवशी नऊ माणसं आणि कॉफीची चार पोती घेऊन जीप ऐन चढावर पेट्रोलवाचून बंद पडली, मागे घरंगळली आणि बांबूच्या बेटाला अडली, म्हणून निभावलं. काटा दुरुस्त होईपर्यंत एवेलिओला नंबर नाही, असं स्टँडवाल्यांनी ठरवून टाकलं. एक्केचाळीस वर्षं कालार्का गावच्या चौकातून गाडी भरणारा माणूस आता दिवसभर पडवीत बसून कोंबड्यांवर डाफरत होता. आज तीन वाजता स्टँडचा आर्सेसिओ तपासायला येणार होता आणि अडीच वाजून गेले होते.

नोराल्बाच्या नाकी नऊ आले होते. चालकाची सीट तिने आधीच बाजूला टाकली होती; तिच्याखालच्या टाकीवर ती ओणवी झाली आणि पान्याने टाकीचा स्क्रू हलवायला गेली. पाना घसरला, बोट सोललं. तिने एक सणसणीत शिवी हासडली. स्क्रूवर लाल रंगाचा हा एवढा थर होता.

"पापा, टाकी कोणी रंगवली?"

"मीच. जूनच्या मिरवणुकीला. तीन हात दिले!"

जीपच्या मिरवणुकीच्या आधी अख्ख्या गावात हेच वेड. जीप उभ्या करायच्या आणि दिसेल त्यावर रंग फासायचा. एवेलिओने तर टाकी खाली काढून बुडासकट रंगवली होती. टाकी जिथे गाडीच्या पत्र्याला टेकते तिथेही रंगच. मग विजेला परतीची वाट, अर्थिंग, मिळणार कुठून?

"धन्य आहे तुमची!" म्हणत तिने चाकूने रंग खरवडला, लखलखीत पत्रा उघडा केला, स्क्रू आवळले आणि चावी फिरवली. काटा हळूहळू वर सरकला आणि पाऊण टाकीवर थांबला, सकाळी तिने पेट्रोल भरलं होतं बरोब्बर तेवढ्यावर. आनंदाने ती ओरडणारच होती.

पण तेवढ्यात तिला एक गोष्ट खटकली. अर्थिंग तुटलं की काटा शून्यावर पडतो, अर्ध्यावर नाही. म्हणजे जूनपासून तो शून्यावरच पडून होता. सोमवारी टाकी भरायची आणि तेवढ्यावर आठवडा काढायचा, ही पापांची जुनी सवय. जीप बंद पडली त्या आठवड्यात एक फेरी जास्त झाली. मग अर्धी टाकी त्यांना दिसली कुठे?

तिने सीट परत बसवली.

"पापा, इकडे या. किती दाखवतोय बघा."

एवेलिओ आला. स्टिअरिंगवर हात टेकून वाकला, डोळे बारीक केले, मान जरा तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

"अर्धी," तो ठामपणे म्हणाला.

सोललेलं बोट नोराल्बाने तोंडात धरलं. तिला रडूच येत होतं, आणि रागही. तो नक्की कोणावर, ते तिला कळेना.

फाटकाशी आर्सेसिओ आला. आत वाकून त्याने काटा पाहिला, बोटाने काचेवर टिचकी मारली.

"पाऊण! शाबास गं पोरी. एवेलिओ, तुझी सुटका झाली. चल, वरच्या वस्तीची माणसं चौकात खोळंबलीत."

एवेलिओने टोपी घातली. केवढ्या रुबाबात तो चालकाच्या जागेवर चढून बसला! नोराल्बा त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"सरका तिकडे, पापा. आज मी चालवते."

आता आकाशपाताळ एक होणार, या तयारीने ती उभी होती. आर्सेसिओनेही भुवया उंचावल्या.

एवेलिओने तिच्याकडे पाहिलं नाही. का, म्हणूनही विचारलं नाही. तो पलीकडच्या सीटवर सरकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दुसरा गिअर जरा दाबून टाक. अडकतो."