अक्काने वाचली कविता

"त्रास नाही ना गं झाला तिला?"

फोनवरचा भावाचा तो आवाज इतकी वर्षं उलटली तरी अक्काच्या कानातून गेला नव्हता. त्याच्यामागे टाळ्या वाजत होत्या. परगावच्या कविसंमेलनात सत्कार होता त्याचा. आईचं जास्त झालंय हे कळूनही तो 'उद्या निघतो' म्हणाला होता.

"नाही रे," अक्का म्हणाली होती. "झोपेतच गेली, माझा हात धरून."

पोराला जन्मभर टोचणी नको, एवढंच तेव्हा तिच्या मनात आलं. त्या खोट्याची त्याने कविता केली आणि कवितेने त्याला नाव दिलं.

आज वाचनालयात गावातल्या कवींचा दिवस होता. ग्रंथपालबाईंनी यंदा नवीच टूम काढली होती. कवींनी पुढच्या रांगेत गप्प बसायचं, आणि प्रत्येकाची कविता त्याच्या घरच्या माणसाने वाचायची. किराणावाल्याची बायको माईकपाशी येऊन म्हणाली, "घरी हे मला बोलू देत नाहीत, आज माझं ऐकून घेतील." सगळं सभागृह खो खो हसलं.

अक्का मात्र हातातल्या कागदाकडे बघत बसली होती. कारखान्यात शर्टांना काजं करून करून तिच्या बोटांची टोकं घट्टे पडून कडक झाली होती.

"मला नको रे ते माईकबिईक," सकाळीच ती भावाला म्हणाली होती.

"असं काय करतेस अक्का? मशीनवर बसून दिवसभर गात असायचीस ना? अन् आईवरची कविता तू नाही वाचणार तर कोण?"

तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, पदर सावरला आणि वाचू लागली.

दिवा जसा वाऱ्याविण
आपोआप मंद झाला,
आई माझी झोपेतच
गेली, आवाज न केला.
माझ्या हाती तिचा हात...

इथे ती थांबली. आपलं खोटं आपल्याच तोंडून, तेही चारचौघांत. पुढच्या रांगेतून भावाने हाताने खूण केली, वाच, वाच. तिने शेवटची ओळ वाचली.

ऊब पुरेल जन्माला.

टाळ्यांचा पाऊस पडला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कुणीतरी भावाला मिठी मारली.

कार्यक्रम संपल्यावर तो तिला जिन्यापाशी गाठून म्हणाला, "छान वाचलंस. फक्त त्या हाताच्या ओळीपाशी थांबायला नको होतं गं. लय तुटते. ती ओळच तर कवितेची जान आहे."

"थांबले खरी."

"पुढच्या आठवड्यात रेडिओवर वाचायचीय. तिथे नको हं थांबूस."

अक्का पायरीवर बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं, आपण याला वाचवत आलो, पण याला कधी लागलंच नाही. आपल्याला मात्र रोज लागलं.

"आई झोपेत नाही गेली," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दिवसभर टक्क जागी होती. डोळ्यांना तर दिसतच नव्हतं तिला. कुणाचंही पाऊल वाजलं की मान उचलायची, तुझं नाव घ्यायची. मी हात धरायला गेले की झटकायची. 'तुझा नको' म्हणायची. तिचं सगळं अंथरुणातच होतं, ते वर्षभर मीच केलं रे. तरी तुझा नको."

त्याच्या हातातला गुच्छ हळूहळू खाली झुकला. "अक्का, अगं... मग हात?"

"सहन होईना मला. शेवटी जाड आवाज काढला, तुझ्यासारखा. म्हटलं, 'आई, मी आलोय.' तेव्हा कुठे तिने माझा हात धरला."