नाकाकडे सोड, शेपटीकडे जोड

मुलांनो, एक खुर्ची डोळ्यांसमोर आणा. साधी, लाकडी. पण तिला चार नाही, एकच पाय आहे. आता तुमच्या वर्गातली झाडून सगळी, तीसच्या तीस मुलं त्या खुर्चीवर चढवा. दप्तरं राहू द्या खाली, नुसती मुलं. चढली? खुर्ची उभी आहे? बरं. आता सांगा, तुमचं खोडरबर घरंगळत त्या खुर्चीखाली गेलं, तर ते काढायला हात घालाल का?

दिशाला हा प्रश्न तिच्या आजीने विचारला तेव्हा ती खो खो हसली होती. "आजी, वेडा आहे का कोणी?"

"जॅकवर उचललेली गाडी म्हणजे हीच खुर्ची," आजी म्हणाली. "आणि हात घालणारी शहाणी माणसं मी पुष्कळ पाहिलीत."

ही पद्मजाआजी. पेणच्या शाळेत तिने एकतीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं. तिच्या पडवीत एक तांबडी गाडी उभी असे. दोनच माणसांची, टप नसलेली, जमिनीला चिकटून पळणारी, साठ वर्षं जुनी स्पोर्ट्स कार. आजोबांनी ती मोडक्या अवस्थेत विकत आणली आणि दोघांनी मिळून अकरा वर्षं खपून पुन्हा चालती केली. आजोबा गेले, गाडी राहिली. आजी ती स्वतः चालवायची, स्वतः पुसायची आणि एक नियम सगळ्यांना ऐकवायची, "ज्याला चाक बदलता येत नाही, त्याने गाडी रस्त्यावर काढू नये."

तोच नियम तिच्यावर उलटला. गणपतीत अंगणात पाय घसरून तिचं उजवं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी घालून ते जोडलं, सुकाणू धरण्यापुरतं बरंही झालं. पण हातोडा मारायची ताकद काही परत आली नाही. दिशाचे बाबा, यज्ञेश, रोह्याजवळच्या एका कंपनीत इंजिनियर. ते म्हणाले, "आई, नियम तुझाच आहे. वाटेत पंक्चर होऊन चाक बसलं तर काय करशील?" आजीने गाडी विकायला काढली. पुण्याचे एक गृहस्थ रविवारी गाडी घ्यायला रोह्याशेजारच्या अष्टमी गावात, बाबांच्या घरी येणार असं ठरलं. गुरुवारी आजीने गाडी तिकडे न्यायची आणि दिवाळीच्या सुट्टीला पेणला आलेल्या दिशालाही घरी पोचवायचं. गाडीची ही शेवटची फेरी.

आता आजी काही हात चोळत बसणारी नव्हे. गाडी जाणार तर जाणार, पण नातीला ठाऊक तरी होऊ दे ती काय चीज होती, म्हणून तिने सुट्टीच्या त्या आठ दिवसांची शाळाच करून टाकली. टायरच्या अंगावर त्याची जन्मतारीख असते, हे दिशाला तेव्हा कळलं. चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. न वापरताही रबर म्हातारं होतं, म्हणून जादा चाकाचीही तारीख बघायची. हवा सकाळी, टायर गार असताना मोजायची. तेलाची कांडी आधी पुसायची, मग बुडवून पाहायची.

पण दिशा खरी थक्क झाली ती चाकाच्या नटापुढे. दुसऱ्या गाड्यांना चार-पाच नट असतात. या तारांच्या चाकाला मधोमध एकच, वाटीएवढा, आणि त्याला दोन कान. तो पान्याने सोडायचा नसतो. कानावर हातोडा मारून फिरवायचा. हातोडाही साधा नव्हे. लोखंडाने नटाला खोक पडते, म्हणून पेणच्या एका तांबटाकडून घडवून घेतलेला, तांब्याच्या डोक्याचा.

"गाडी पुढे पळते तसा हा नट आपसूक आवळत जातो," आजी म्हणाली. "म्हणून डाव्या अंगाचे आटे सरळ आणि उजव्या अंगाचे उलटे."

"म्हणजे गाडी पळता पळता स्वतःलाच घट्ट करते?"

"करते."

"कोणी शोधून काढलं हे?"

"ज्याचं चाक भर रस्त्यात निसटून पुढे गेलं असेल, अशा कोणीतरी. आता घोकून ठेव. वरचा कान गाडीच्या नाकाकडे ढकलला की नट सुटतो, शेपटीकडे ढकलला की बसतो. दोन्ही अंगांना हेच. नाकाकडे सोड, शेपटीकडे जोड."

गुरुवारी सकाळी दोघी निघाल्या. वडखळ गेलं, कासूचं स्टेशन गेलं, नागोठणं गेलं. सुकेळी खिंड उतरून खांब गावाच्या अलीकडे आल्या आणि गाडीची शेपटी हेलकावे खायला लागली.

"मागचं चाक," आजी म्हणाली. तिने करकचून ब्रेक मारला नाही. पाय सोडला, सुकाणू सरळ धरलं आणि गाडी आपली आपण मंद होऊ दिली.

"आजी, थांब ना! टायर फाटेल!"

"फाटू दे. टायर बाजारात मिळतो. उजवं चाक बसलंय, इथे थांबले तर ट्रकांच्या वाटेत बसून काम करावं लागेल."

कापलेल्या भातशेतांतून एक कच्चा रस्ता आत जात होता. त्या रस्त्याने गाडी लंगडत लंगडत एका खळ्यापाशी आली. शेणाने सारवलेली, चोपून सपाट केलेली जागा. एका अंगाला भाताची रास आणि मधे दोघं नवराबायको फळीवर पेंढ्या आपटून भात झोडत होती.

"काय झाला, बाई?" बाप्याने पेंढी खाली ठेवत विचारलं. त्याचं नाव केरू, बायकोचं शांती.

"चाक बसलं, दादा. आसपास सपाट जागा तुमचीच दिसतेय. कडेला घेऊ का गाडी? चपला काढते मी."

केरू बायकोकडे बघायला लागला. खळ्यावर पायताण चालत नाही. शांतीने गाडीकडे एक नजर टाकली. "घ्या की. तिला कुठं चपला हायत?"

गाडी खळ्याच्या कडेला लागली. आजीने पिशवीतून फोन काढला आणि नुसताच हातात धरून ठेवला. अष्टमी काही फार लांब नव्हती. बाबा अर्ध्या तासात आले असते. पण बाबांनी विचारलेला प्रश्न हाच तर होता.

"आजी, फोन नको. मला येतं."

"येतं गं. पण हातोडा?"

दिशाने हातोडा उचलून पाहिला. दोन्ही हातांनी. एक घाव घातला तर नट हलला सुद्धा नाही.

"आण हिकडं," केरू पुढे आला. "माझ्या पाण्याच्या इंजिनाचे नट मीच सोडतो." आणि दिशा तोंड उघडते तोवर त्याने ठाण, ठाण, ठाण असे तीन घाव घातले. वरच्या कानावर, शेपटीच्या दिशेने.

"काका, उलटं! घट्ट होतोय तो!"

"अगो, जगात सगळे नट असेच सुटतात."

"हा नाही सुटत!"

"बायकोचा ऐकू येत नाय त्येंना," शांती म्हणाली, "तुझा काय येनार? अजून मोठ्यानं बोल."

खळ्याच्या कडेला एका धोंड्यावर आजी बसली होती. ती म्हणाली, "केरूदादा, आज मास्तरीण ती आहे. मी वर्गात बसलेय."

केरूने हातोडा खाली केला. "बरं, मास्तरीणबाय. सांगा."

मोठ्या माणसांना सांगायची दिशाला सवय नव्हती. तरी तिने आजीच्या पडवीतल्यासारखं पहिल्यापासून सुरू केलं.

"आधी दगड. हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो, आणि मागचंच चाक आपण उचलणार. म्हणजे भरवसा दगडांचाच." पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून असे चार दगड लागले. गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे ना, ते आजीला विचारून झालं. "आता काका, वरचा कान. नाकाकडे मारा."

केरूने मान हलवत मारलं. पहिला घाव नुसता. दुसरा नुसता. तिसऱ्याला 'ठाण'चा 'धप्' झाला आणि नट बोटभर सरकला.

"आयला," केरू हळूच म्हणाला. त्याने नटाकडे असं पाहिलं, जणू त्याचा बैलच माणसासारखा बोलला होता.

"आता एवढाच. पुरता सोडायचा नाही, आधी गाडी उचलायची." दिशाने जादा चाक ओढत आणलं आणि जॅकच्या शेजारी, गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवलं.

"ह्ये काय? गाडीला उशी?" केरू हसला. शांतीही हसली. आजीला पाणी देता देता म्हणाली, "निजवते का काय गाडीला!"

दिशा लाल झाली; पण चाक तिने काढलं नाही. जॅक फिरला, गाडी वर गेली, नट निघाला, बसलेलं चाक बाहेर आलं. ते तिने गाडीखाली सरकवलं आणि मगच चांगलं चाक बाहेर घेतलं. एक गाडीखाली गेल्याशिवाय दुसरं काढायचं नाही, असं आजीने तिच्याकडून दहादा करवून घेतलं होतं.

तेवढ्यात नट केरूच्या हातून निसटला आणि घरंगळत गाडीखाली गेला. केरू गुडघ्यावर बसला आणि त्याने खांद्यापर्यंत हात आत घातला.

तीस मुलं. एका पायाची खुर्ची.

"काका, हात!" दिशा इतक्या जोरात ओरडली की भाताच्या राशीवरच्या चिमण्या भर्रकन उडाल्या. "हात बाहेर! आधी बाहेर!"

केरूने दचकून हात ओढून घेतला. "अगो, नट…"

जमिनीतून 'कचक' असा आवाज आला. जॅकचा पाय सारवण फोडून खाली गेला, जॅक तिरका झाला आणि गाडी खाली आली. सगळी, एकदम. आडव्या चाकावर ती आदळली, लोखंड किंचाळलं, धुळीचा ढग उठला, आणि ती तिथेच थांबली. जमिनीपासून वीतभर वर.

हायवेवरचे ट्रक लांब कुठेतरी घरघरत होते. केरूने आपला हात डोळ्यांसमोर धरून उलटा-सुलटा करून पाहिला. मग त्या वीतभर जागेकडे पाहिलं. मग दिशाकडे.

"उंदरांनी बीळ केलेला खालून," तो एवढंच म्हणाला.

शांतीने पुढे होऊन गाडीच्या तांबड्या पत्र्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

आजी धोंड्यावरून उठून आली होती. "फळी," ती म्हणाली. "जॅकखाली फळी घ्यायची असते. वजन पसरतं. पडवीत फरशी, म्हणून मला आठवलंच नाही. चूक माझी, दिशा. मी शिकवलंच नाही तुला."

दिशाने दोन्ही हात काखेत दाबून धरले. एवढी मोठी गाडी. एवढंसं चाक. आणि त्या दोहोंच्या मधली ती वीतभर पोकळी, जिच्यात एक अख्खा हात मावला असता. तिला रडूही येत होतं आणि त्या चाकापुढे हात जोडावेसेही वाटत होते.

"पहिल्यापासून," ती म्हणाली. "दगड बघू या."

केरू न सांगताच उठला. ज्या फळीवर तो भात झोडत होता तीच त्याने उचलून आणली. "ह्यी चालंल, मास्तरीणबाय?" या वेळी तो हसत नव्हता.

जागा बदलून, फळीवर जॅक उभा राहिला. गाडी पुन्हा वर गेली. नट केरूने काठीने ओढून काढला. दिशाने चाकाच्या आतल्या दात्यांना ग्रीस लावलं, चांगलं चाक बसवलं, नट शेपटीकडे आवळला. गाडी खाली उतरवून पुन्हा तीन घाव. निघताना शांतीने ओंजळभर नवं भात दिशाच्या फ्रॉकच्या खिशात ओतलं. कोलाडला थांबून आजीने नटावर आणखी एक घाव घालून घेतला. तो दिशानेच घातला. नट जागचा हलला नाही. जसा हवा तसाच होता.

कुंडलिकेवरचा पूल ओलांडून गाडी अष्टमीत शिरली तेव्हा बाबा फाटकातच उभे होते. पहिली नजर गेली ती मागे बांधलेल्या चाकाकडे.

"याची कड चेपलीय. काय झालं?"

दिशाने आजीकडे पाहिलं. आजी म्हणाली, "सांग. सगळं सांग."

दिशाने सगळं सांगितलं. उलटे घाव, उशी, उंदरांचं बीळ, केरूकाकांचा हात. बाबा ऐकताना खाली बसले होते आणि चाकाच्या चेपलेल्या कडेवरून अंगठा फिरवत होते. बराच वेळ फिरवत होते.

"नियमाप्रमाणे गाडी जायलाच हवी, यज्ञेश," आजी म्हणाली. "चाक मी बदललं नाही. आणि फळी मीच विसरले."

बाबांनी फोन काढला. "रविवारी येऊ नका," ते फोनवर म्हणाले. "नाही, किमतीचं काही नाही. गाडी घरातच राहतेय." मग आजीकडे वळून म्हणाले, "पण आजपासून चाक बदलता येणारं एक माणूस सोबत असल्याशिवाय ही फाटकाबाहेर जायची नाही. दिशा शाळेत असेल तेव्हा मी येईन."

"तुला येतं?" आजीने विचारलं.

"मी कंपनीत पंप उघडतो रोज!" बाबांनी बाह्या सरसावल्या, तांब्याचा हातोडा उचलला आणि उजव्या चाकाच्या वरच्या कानावर उगारला. शेपटीच्या दिशेने. मग मधेच थांबून त्यांनी लेकीकडे पाहिलं. "बरोबर आहे ना गं?"

दिशा कुंपणापाशी गेली, वाकली, आणि दोन्ही हातांत मावतील एवढे दगड शोधायला लागली.