आईला दिसेल असा फोटो

माझा छोटा कॅमेरा म्हणजे नुसता वैताग होता. बांधावर बगळा दिसला म्हणून झूम करावं, तर बटण दाबून बोट दुखायचं आणि बगळा आपला पांढरा ठिपकाच राहायचा. सांज झाली की फोटोभर दाणे उठायचे, कुणी ज्वारी सांडल्यागत. मग त्याची उणीव मी कॉम्प्युटरवर भरून काढायचे. अंधार उजळायचा, दाणे पुसायचे, दोन फोटो शेजारी जोडून एक रुंद रान करायचं. लातूरच्या शाळेत शिकवून घरी आले की माझा हाच उद्योग.

"डोळे फोडून घे तू," आई म्हणायची.

आणि गेले तिचेच. बघेल तिथं मधोमध धुकं, कडेकडेनं थोडं जग शिल्लक. जळकोटचं शेत माझा भाऊ सुदर्शन बघतो. आई दवाखान्यासाठी माझ्याकडं राहते. यंदा येळवस, म्हणजे रानात पूजा करायची वेळ अमावस्या, आली आणि नेमकं तेव्हाच आईच्या डोळ्यात द्यायचं इंजेक्शन ठरलं. तिचा प्रवास बंद. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "काही दाखवायचं असेल तर लवकर दाखवा."

तिनं ते ऐकलंच. कान लई तिखट तिचे.

"मला रान दाखीव सुकन्ये," ती म्हणाली. "एकदा नीट बघते, मग जाऊ दे डोळे."

मला रडू आलं आणि रागही आला. त्या रागातच मी नवा मोठा कॅमेरा विकत घेतला. म्हटलं, आईला शेवटचं रान दाखवायचं तर असल्या खेळण्यानं न्हाई. मी जळकोटला निघताना आईनं तो छोटाही पिशवीत टाकला. "असू दे. जुना हाय, पायाखालची वाट माहीत हाय त्याला."

येळवशीला आमच्याकडं गाव ओस पडतं आणि रान भरतं. कडब्याच्या कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून बसले होते, माठात आंबिल गार होत होतं, हरभरा ओला होता. दुपारी शेंगा-पालेभाज्यांची भज्जी खाऊन सगळे आडवे झाले आणि मी एकटी ज्वारीत शिरले. कणसं डोक्याच्या वर. आतून रान वेगळंच असतं. आवाज लांब जातात, ऊन हिरवं होतं, आपण लहान होतो. मी कुठं चालले होते ते मलाच ठाऊक नव्हतं, तरी कुठं वळायचं ते पायांना कळत होतं. एकदा वाटलं, आईच पुढं चाललीय पदर खोचून. हाक मारायला तोंड उघडलं आणि हसू आलं.

दिवस मावळला तेव्हा मोठ्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली. सुदर्शननं हेंडगा पेटवला, म्हणजे कडब्याची जळती पेंढी, आणि ती घेऊन शेताच्या कडेनं पळत सुटला. मी घाईनं छोटा कॅमेरा काढला. हात हलला. फोटोत भाऊ आलाच न्हाई, नुसती आगीची एक वाकडी रेघ आली. शिव्या घातल्या मी त्या कॅमेऱ्याला.

लातूरला आल्यावर मोठ्या कॅमेऱ्याचे फोटो टीव्हीवर लावले. काय फोटो होते, अहाहा! कणसावरची मुंगी दिसावी इतके स्पष्ट. मागचं सगळं मऊ, विरघळलेलं.

आई खुर्ची टीव्हीला लावून बसली. मान तिरकी करून डोळ्यांच्या कडेनं बघत राहिली.

"धुकं पडलं होतं का गं?"

"नाही आई. ऊन होतं."

"मग मला न्हाई दिसून राहिलं माय. लावू नको आता."

जीव टाकून काढलेले फोटो, आणि तिला एक कणीस दिसू नये! तिच्या धुक्यात मी आणखी धुकं आणून ओतलं होतं.

मग त्या छोट्याचे फोटो उघडले. एरवी दाणे पुसते, ते वाढवले. सावल्या काळ्या कुळकुळीत केल्या, आभाळ पांढरं फटक. नाजूक असं काही ठेवलंच न्हाई. शेवटी टीव्हीवर आणली ती आगीची हललेली रेघ, काळ्यावर पिवळी.

आई उठली. बोट टीव्हीवर ठेवून रेघेवरून चालायला लागली. "ही बोर. हितं बांध फुटला होता, सुदर्शन पोटात होता तवा. ही हीर. हितं तुझा बाप बसायचा." रेघ संपली तिथं बोट थांबलं. तिचं तोंड उजळून गेलं होतं. "बघितलं गं रान. सगळं बघितलं."

मी डोळे पुसत होते, तेवढ्यात तिनं विचारलं, "ह्यात तू कुठाय?"

"मी फोटो काढत होते की."

"दर साली तेच. रान दावतीस, भाऊ दावतीस. तुझं तोंड कवा बघू मी?"

छोटा कॅमेरा उलटा धरून मी स्वतःचा फोटो काढला. लग्नाच्या फोटोत सगळ्यांना गोरं व्हायचं असतं, सुरकुत्या घालवायच्या असतात. मी उलटं केलं. कपाळावरची एकेक घडी काळी केली, डोळ्यांखालची वर्तुळं गडद केली, पांढरे केस चुन्यासारखे झळकवले. माझं मलाच बघवेना. तसाच लावला टीव्हीवर.

आई मान तिरकी करून टीव्हीच्या आणखी जवळ सरकली. मग गालावरून हात फिरवावा तसा तिनं काचेवरून फिरवला.

"मला वाटायचं तू अजून दोन वेण्यांचीच हायस," ती म्हणाली. "म्हातारी झाली की गं माझी पोर."

बंद करू का, म्हणून मी विचारलं.

"थांब की," आई म्हणाली. "बघून राहिले ना मी."