दोन ठिकाणचा पुंजाराम

आरोहीला कॉमिक्सचा राग यायचा तो एकाच शब्दापायी. 'क्वांटम'. नायक भिंतीतून आरपार गेला, क्वांटम. मागच्या अंकात मेलेला खलनायक या अंकात चहा पीत बसला, तरी क्वांटमच. लेखकाचं गाडं चिखलात रुतलं की हा शब्द चाकाखाली सारायचा आणि पुढं निघायचं. नुसता कामापुरता मामा! धारूरच्या कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना ती या मामाची अशी काही हजेरी घ्यायची की पोरं हसून बेजार व्हायची. "अणूएवढा झालेला नायक श्वास कसा घेतो रे? हवेतला कण त्याच्या नाकपुडीत मावणार आहे का?"

पण खरं सांगायचं तर हा राग घरच्या माणसावरचा होता. तिला भौतिकशास्त्राच्या दारात आणून सोडलं ते कॉमिक्सनीच, आणि कॉमिक्स तिच्यापर्यंत आणली आबांनी.

आबा म्हणजे तिचे वडील, पुंजाराम. चकलांब्याचे मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचे, ते पावसाळ्याच्या तोंडाला घरी यायचे. एकदा मांजरसुंब्याला एका ढाब्यामागच्या रानात मेंढरं बसवली होती, तेव्हा ट्रकवाल्यांनी टाकून दिलेली हिंदी कॉमिक्स त्यांना सापडली. आबांना वाचता जेमतेम येत होतं, पण चित्रं बघून ते खूश झाले. चहाचे डाग पडलेला तो गठ्ठा घोंगडीत गुंडाळून त्यांनी लेकीला आणून दिला, आणि पुढं दरवर्षी आणत राहिले.

शाळेच्या गॅदरिंगला मात्र ते कधी आले नाहीत. "येतो की," म्हणायचे, आणि नेमकी त्या दिवशी मेंढरं कुठंतरी परळीच्या पलीकडं असायची. आरोही रुसून बसली की आई, छबुबाई, तिला जवळ घेऊन म्हणायची, "कावून रडती बाई? तुजा आबा हितंच हाय. दिसत न्हाई इतकंच."

आईचं हे बोलणं लेकीनं जरा जास्तच मनावर घेतलं. सातवीत असताना शाळेच्या कपाटात तिला विज्ञानाचं एक जुनं पुस्तक मिळालं. त्यात 'पुंजभौतिकी' असा धडा होता. पुंज म्हणजे क्वांटम, असं पुस्तक सांगत होतं. आणि पुंजा म्हणजे आपला आबा, हे तर तिला जन्मापासून ठाऊक होतं. तिनं धडा अधाशासारखा वाचून काढला. त्यात लिहिलं होतं, कण एकाच वेळी अनेक ठिकाणी असू शकतो, पण निरीक्षकाने पाहताच तो एकाच जागी सापडतो.

आता चकलांब्याच्या पोरीला निरीक्षक म्हटल्यावर कोण आठवणार? पोलीस निरीक्षक! जीप, टोपी, दांडगी मिशी. प्रयोग करून बघणाऱ्या माणसालाही निरीक्षक म्हणतात, हे तिला सांगायला कुणी नव्हतं. झालं, पाठकोऱ्या कागदांवर तिनं स्वतःचं कॉमिक काढलं. महाबली पुंजाराम. डोक्याला लाल पटका, छातीवर 'पुं', आणि पाठीवर वाऱ्यात फडफडणारी काळी घोंगडी. एक पुंजाराम डोंगरात मेंढरं राखतोय, आणि त्याच वेळी दुसरा पुंजाराम गॅदरिंगला पहिल्या रांगेत शेंगदाणे खात बसलाय. तेवढ्यात धूळ उडवत जीप येते, निरीक्षक डोळे वटारून बघतो आणि फट्! पहिली रांग रिकामी. पुंजाराम सापडतो तो मेंढरांपाशीच. प्रत्येक गोष्टीचा शेवट हा असाच. बापाचा काही दोष नव्हता, सगळा घोटाळा त्या मेल्या जीपवाल्याचा होता.

यंदा विज्ञान दिनाला आरोहीनं कॉलेजात प्रदर्शन मांडलं, 'महानायकांचं क्वांटम: खरं किती, खोटं किती'. भिंतीवर पोरांनी कॉमिक्समधली चित्रं लावली होती. बरोबर कल्पनेला हिरवी चिठ्ठी, चुकीला लाल. भिंतीतून जाणाऱ्या नायकाला दोन्ही मिळाल्या. इलेक्ट्रॉन अडथळ्यापलीकडं खरंच जातो आणि मोबाईलमध्ये फोटो साठतात ते त्याच्याच जोरावर, म्हणून हिरवी. माणसानं तसा प्रयत्न केला तर टेंगूळ येईल, म्हणून लाल. हजारो मैलांवरून एकमेकांना मनातल्या मनात निरोप धाडणाऱ्या जुळ्या भावांनाही लाल, कारण कणांची जोडी कितीही घट्ट असली तरी तिच्यातून निरोप जात नाही.

आरोहीनं आबांना फोन केला होता. यंदा त्यांची मेंढरं धारूरच्या किल्ल्याखालच्या उतारावरच होती. "आबा, याल का?"

"बघू की," आबा म्हणाले.

त्यांच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. इतक्या जवळ असूनही नाही! आरोहीला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. त्या रागातच तिनं आपलं जुनं कॉमिक आणून भिंतीच्या टोकाला लावलं आणि त्याखाली आपल्या वळणदार अक्षरात लाल चिठ्ठी डकवली. "माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. त्याला ऊन, वारा, माती सतत शिवत असतात, त्यामुळे कुणी पाहो न पाहो, तो एकाच जागी असतो. चूक."

प्रदर्शनाच्या दिवशी तिच्याच कॉलेजातले रामहरी सर बिल्ले वाटत होते. "मॅडम, आयोजकाचे संपले बघा. परीक्षेतला एक उरलाय, चालतोय का?" तिनं न बघताच तो साडीला टाचला.

दुपारी गर्दी ओसरत आली होती. तेवढ्यात दाराशी पोरं बाजूला सरली. लाल पटका, हातात काठी, खांद्यावर काळी घोंगडी. चपला बाहेर काढून आबा बिचकत आत आले.

ते भिंतीकडेनं एकेक चित्र बघत टोकापर्यंत गेले आणि तिथं थबकले. चित्रातल्या घोंगडीवर बोट ठेवून म्हणाले, "हे म्याच हाय न्हवं?"

"व्हय आबा," आरोही कशीबशी म्हणाली. घरची बोली आपसूक तोंडात आली.

मग त्यांनी खालची चिठ्ठी वाचायला घेतली. अक्षराला अक्षर जोडत, ओठ हलवत. ती चिठ्ठी फाडून टाकावी असं आरोहीला वाटलं, पण आबा 'चूक'पर्यंत पोचले होते. त्यांनी मान हलवली.

"बराबर लिवलंय. न्हाईच राहता येत." मग हळूच म्हणाले, "लई येळा करून बघितलं बाई म्या. न्हाई जमलं."

इतकी वर्षं आरोहीला वाटत होतं की पहिल्या रांगेतल्या त्या रिकाम्या जागेचं दुःख तिचं एकटीचंच आहे. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "मेंढरांकडं कोण हाय?"

"बद्रीनाथ." हा तिचा चुलता. "त्येला म्हनलं, आज तुजी मेंढरं अन् माजीबी तूच बघ. म्या आज समदा तिकडं चाललो."

बोलता बोलता आबांची नजर तिच्या बिल्ल्यावर गेली. त्यांनी वाकून अक्षरं लावली. "नि... री... क्षक." मग चित्रात खाली हाच शब्द लिहिलेल्या मिशीवाल्या जीपवाल्याकडं बघितलं, परत लेकीकडं बघितलं, आणि त्यांचे डोळे हसायला लागले.

"मंजे त्यो जीपवाला तूच व्हय गं?"

पोरं खो खो हसली. आरोहीलाही हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले.

"मग बघ नीट," आबा काठी टेकून ताठ उभे राहत म्हणाले. "हितंच घावलोय."

आरोही बघू लागली. डोळ्यांतल्या पाण्यामुळं तिला धड काही दिसत नव्हतं, पण आबा जागचे हलले नाहीत.