सहा टक्क्यांनी वाढलेला पाठिंबा

ते युद्ध कुणालाच नको होतं, हे भाजीवालीपासून डॉक्टरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी या महिन्याच्या जनमत चाचणीत युद्धाला पाठिंबा सहा टक्क्यांनी वाढून बावन्नवर गेला. चाचणी कंपनीच्या साहेबांना आभाळ ठेंगणं झालं. आकड्यांचा अर्थ लावायचं काम जिच्याकडे होतं, तिला ऑफिसात सगळे आकडेताई म्हणत. तिने मात्र तो आकडा पुन्हा दोनदा तपासला. पाठिंबा पन्नासच्या वर गेला तर आघाडीवरच्या सैनिकांची मुदत सहा महिन्यांनी वाढवू, असं संरक्षण मंत्रालयाने आधीच जाहीर केलं होतं, आणि तिचा धाकटा भाऊ आघाडीवर होता.

तिने नेहमीप्रमाणे दर शंभरातल्या पाच फोनांची रेकॉर्डिंग ऐकायला घेतली. मुलाखती खऱ्या झाल्यात की कुणी बसल्या जागी ठोकून दिल्यात, हे असं कानांनी तपासायचा त्यांच्याकडे नियमच होता. मुलाखती खऱ्याच होत्या. माणसंच विचित्र वागत होती. निम्मी फोन आपटत होती, आणि फोन आपटणाऱ्यांना टक्केवारीत धरत नसत. उरलेल्यांतली कितीतरी प्रश्न संपायच्या आतच "पूर्ण पाठिंबा" म्हणून मोकळी होत होती. एवढ्या घाईने माणूस कडू औषधच गिळतो.

सतराव्या फोनवर तिची स्वतःची आई होती.

"पूर्ण पाठिंबा," आई म्हणाली. मग हळूच, "हे कुणाला कळणार नाही ना हो? म्हणजे, कळलं तरी चालेल. माझा मुलगा तिकडे आहे, त्याला त्रास नको."

आकडेताईने हेडफोन काढून ठेवला. तिला रडू आलं आणि रागही आला. आईचा आला, त्याहून जास्त आपल्या या धंद्याचा आला. तिने टिपणात लिहिलं, 'पाठिंबा वाढलेला नाही, भीती वाढली आहे.'

"आपल्या फॉर्मात भीतीचा रकाना कुठाय?" साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हे त्यांना खपत नसे. "पुरावा जोड. रेकॉर्डिंग दे, हे वाक्य मी आत्ताच्या आत्ता छापतो."

जोडलेलं रेकॉर्डिंग फोन नंबरासकट थेट मंत्रालयात जायचं. आईचं देणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या कुणाचं द्यावं, तर तीही कुणाची तरी आईच. आकडेताई तासभर कपाळाला हात लावून बसली. मग तिने ते वाक्य खोडलं आणि सही केली.

संध्याकाळच्या बातम्या संपल्या न संपल्या तोच आईचा फोन आला. सैनिकांची मुदत वाढली होती.

"मी आपली घाबरून हो म्हणाले गं, पोराच्या काळजीने," आई हुंदके देत म्हणाली. "पण बाकीच्यांना काय धाड भरली होती?"