चार नंबरची जर्सी

आमच्या यावोर बास्केटबॉल क्लबात चार नंबरची जर्सी कुणालाच देत नाहीत. एकतीस वर्षं मी या क्लबाचे कपडे धुते, उसवलेलं शिवते, घड्या घालून खणात ठेवते. आमच्या खेळात नंबर चारपासून लागतात, पण दर मोसमात माझा गठ्ठा पाच नंबरपासून सुरू होतो. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. नव्या घरात एखादं दार कायम बंद दिसलं तर माणूस विचारतो, आपल्या घरातलं दिसतही नाही.

या सप्टेंबरात लाटव्हियाचा उल्दिस आमच्याकडे खेळायला आला. माझ्या धुलाईच्या खोलीच्या दारातून वाकून आत शिरला आणि मोडक्यातोडक्या चेक भाषेत म्हणाला, "मावशी, मला चार द्या."

"चार नाही. पाच घे."

"चार कुणाकडे आहे?"

"कुणाकडेच नाही."

"मग द्या की!"

मी जिना चढून अध्यक्षांकडे गेले. सोबोत्कासाहेब डोकं वर न काढता म्हणाले, "मिलुशे, नाही म्हणजे नाही. परंपरा आहे आपली."

"पण कारण काय?"

"अगं, कारण माहीत असतं तर नियम म्हटलं असतं. माहीत नाही, म्हणून परंपरा म्हणतो."

प्रशिक्षक रादिम म्हणाला, चार नंबरचा कुणी खेळाडू मैदानातच कोसळून गेला होता. दारावर तिकिटं बघणारे आजोबा म्हणाले, छे, तो व्हिएन्नाला सामन्याला गेला आणि तिकडेच राहिला. कॅन्टीनवाली म्हणाली, एका वर्षी कारखान्यात लाल लोकर संपली आणि एक जर्सी कमी विणली गेली, इतकंच. तिघांची तीन कारणं, आणि तिघंही शपथेवर सांगत होते. माझ्या डोक्यात भुंगा शिरला.

बॉयलरच्या खोलीत जुन्या सामन्यांच्या गुणपत्रिकांची खोकी आहेत. क्लबाची नावं बदलत गेली तशी खोक्यांवरचीही: आधी सोकोल, मग यिस्क्रा, मग रंगाच्या कारखान्याचं नाव, मग सॉसेजवाल्यांचं, शेवटी यावोर. दोन दुपारी मी उलट्या बादलीवर बसून पानं उलटत होते. सतरा मार्च एकोणीसशे त्रेसष्टच्या पानावर चार नंबर सापडला: बोहुमीर काल्व्होदा, बावीस गुण. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात काल्व्होदा होता, पण नंबर अकरा. आणि चार? त्यानंतर कुठेच नाही.

म्हणजे गडी मेला नव्हता, पळाला नव्हता. नुसता नंबर सोडून बसला होता.

काल्व्होदा आजोबा नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात राहतात हे शोधायला एक फोन पुरला. वय सत्त्याऐंशी. मी कोलाचे, म्हणजे मुरंबा भरलेले गोड पाव, घेऊन गेले. ते पत्ते खेळत होते.

"क्लबाची आहेस? मग बस. हा डाव जिंकू दे."

डाव हरले. मग मी विचारलं, "आजोबा, तुम्ही चार नंबर का सोडलात?"

हातातले पत्ते त्यांनी टेबलावर ठेवले. "अजून कुणी घातला नाही तो?"

"नाही."

"एकानेही नाही?" ते हसायला लागले, मग हसता हसता डोळे पुसायला लागले. "अगं, आमच्याकडे तेव्हा मुलींचाही संघ होता. विणकाम कारखान्यातल्या पोरी. द्राहोमीरा त्यांची कप्तान, तिचाही नंबर चार. हॉल एक आणि संघ दोन. कमिटीने ठरवलं, मुलींचा संघ बंद. आमच्या मनाला फार लागलं. मी म्हटलं, मुली परत खेळेपर्यंत आपल्यात चार नंबर कुणी घालायचा नाही. सगळ्यांनी हात वर केले."

"आणि मुली?"

"कसल्या परत येतात! पुढे आम्ही एकेक करून सोडून गेलो. नव्या पोरांना आम्ही एवढंच सांगितलं, चार घालायचा नाही. त्यांनीही का ते विचारलं नाही."

"द्राहोमीराबाई आवडायच्या वाटतं तुम्हाला?"

"कुणाला नाही आवडायची?" असं म्हणून त्यांनी कोलाच्याचा मोठा घास घेतला, म्हणजे पुढे बोलायला नको.

द्राहोमीराबाई स्टेशनमागे राहतात. मी गेले तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या या बाई शिडीवर चढून आलुबुखार उतरवत होत्या. मला वाटलं, हे ऐकून त्यांना भरून येईल. मी शिडी धरून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मग त्या एकेक पायरी खाली उतरल्या.

"बासष्ट वर्षं?"

"हो."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"बहुतेक लाजले असतील."

"लाजले!" त्यांनी बादली दाणकन खाली ठेवली. "अगं, हे बाप्ये आठवड्याला पाच दिवस सराव करायचे. त्यातला एक तास दिला असता तर आमचा संघ टिकला असता! तास दिला नाही, जर्सी रिकामी ठेवली. आम्ही कारखान्याच्या आवारात, भिंतीला डब्याचं कडं ठोकून खेळलो दोन हिवाळे. बोटं फुटायची थंडीने. आणि हे आत उबेत बसून आमचा मान राखत होते!"

मला हसू यायला लागलं, पण त्यांचा चेहरा बघून आवरलं. खरंच होतं त्यांचं. इतका वेळ मलाही ती गोष्ट गोडच वाटली होती.

"मग आता काय करायचं, बाई?"

"त्या उंच पोराला चार दे. आणि तुझ्या अध्यक्षाला सांग, मुलींना तास हवा."

सोबोत्कासाहेब आधी म्हणाले, जागा नाही. मग म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या, त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "बघा तुम्ही. मला घाई नाही, मी इथेच बसते." दीड तासात मंगळवारची साडेचार ते सहा ही वेळ मिळाली. रादिम चार दिवस माझ्याशी बोलला नाही, कारण ती वेळ त्याच्या संघाची होती. उल्दिसने जर्सी अंगात चढवली, माझ्या गालाचा मुका घेतला आणि पुढचा सामना आम्ही अकरा गुणांनी हरलो.

पहिल्या मंगळवारी चौदा मुली आल्या. सहाजणींना बॉल धड पकडताही येत नव्हता. द्राहोमीराबाई कडेने फिरत होत्या. "कोपर आत! गुडघे वाक! माशा मारायला आलीस का?"

तेवढ्यात दारात टॅक्सी थांबली. मी फोन करून कळवलं होतं, म्हणून काल्व्होदा आजोबा इस्त्रीच्या शर्टात आले आणि टोपी हातात धरून उंबऱ्यापाशीच उभे राहिले. बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बोहुमीर ना तू? म्हातारा झालास."

"द्राहोमीरा, मी..."

"ते नंतर. चार बॉल मऊ पडलेत. पंप तिथे आहे, हवा भर."

आजोबांनी टोपी बाकावर ठेवली, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पंप उचलला.